वर बघा, भाऊजी

मला क्रेनवर कुणी चढवलं, याचं उत्तर आमच्या घरात आणि साइटवर सगळ्यांना पाठ होतं: भाऊजींनी. हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरायचं. ते खोडून काढेपर्यंत मी सुखाने घास गिळला नाही, एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला भली बाई समजायला नको.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. टॉवर क्रेनचे ऑपरेटर. उंच इमारत बांधताना शेजारी लोखंडी मनोरा उभा असतो, त्याच्या माथ्यावर एक लांबलचक आडवा हात आणि त्या हाताच्या मुळाशी काचेची केबिन. त्या केबिनमध्ये भाऊजी मिसरूड फुटल्यापासून बसत आलेले. कंपनीत त्यांचा शब्द शेवटचा, घरात पहिलाही तोच आणि शेवटचाही तोच. मी त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. साखळ्या, पट्टे, हुक द्यायचे, परत आले की तपासून ठेवायचे. ही नोकरी मला त्यांच्या शिफारशीने मिळाली होती आणि ते ती गोष्ट कुणाला विसरू देत नसत. मला तर नाहीच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या तोंडून निघून गेलं, "मला क्रेन चालवायला शिकायचंय."

भाऊजींनी डबा बाजूला सरकवला. "मग चल की. मुहूर्त कशाला हवा? पाय आहेत ना?"

अख्खी पंगत उठून आमच्या मागे आली. मी शिडीला हात घातला आणि चढायला लागले. शिडीच्या मधला पहिला टप्पा आला तोवर ठीक होतं. दुसऱ्या टप्प्यावर पोचले आणि पायाखालच्या जाळीतून खाली नजर गेली. खाली नुसती हेल्मेटं दिसत होती, पिवळी आणि पांढरी, आणि सगळी माझ्याकडे वळलेली. माझे हात कठड्याला चिकटले ते चिकटलेच. मी सोडायचं म्हणत होते, हात ऐकत नव्हते.

"का गं, मधेच थांबलीस?" भाऊजी खालून ओरडले. "लाल दिवा लागलाय का?"

लोक हसले. मग भाऊजी स्वतः चढले. मला वाटलं, धीर द्यायला येतायत. ते माझ्या बाजूने वर केबिनमध्ये गेले, माणसं नेण्याचा पिंजरा माझ्या टप्प्याला आणून लावला आणि मागून चढून आलेल्या दोघा कामगारांनी मला उचलून त्यात बसवलं. एवढ्यावर थांबले असते तरी मी विसरले असते. पण त्यांनी पिंजरा सरळ खाली घेतला नाही. पूर्ण साइटवरून एक संथ गोल फेरी मारली, गेटपासून सिमेंटच्या गोदामापर्यंत, म्हणजे जे बघायचे राहिले होते त्यांनाही बघता यावं. मी पिंजऱ्याच्या तळाशी उकिडवी बसून रडत होते. आणि प्रत्येकाच्या वॉकीटॉकीवर भाऊजींचा आवाज आला, "पार्सल आलंय रे. उतरवून घ्या."

तेव्हापासून मी पार्सल. स्टोअरच्या खिडकीशी येऊन लोक विचारायचे, "पार्सल आहे का आत?" ताईच्या घरी जेवायला गेले तर भाऊजींनी पुन्हा सगळं हातवारे करून सांगितलं. ताई डोळे पुसत हसली. तिची पोरं त्या दिवसापासून मला पार्सल मावशी म्हणायला लागली. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली आणि मग मला म्हणाली, "जाऊ दे गं, राग उशाशी घेऊन झोपू नये." मी त्या रागाचीच उशी केली.

मी ठरवलं ते तेव्हाच आणि अगदी नेमकं ठरवलं. त्याच केबिनमध्ये मी बसणार. भाऊजी खाली उभे राहणार. आणि मान मोडेपर्यंत वर बघत माझ्या शब्दाची वाट बघणार.

त्याच सुमारास कंपनीने कामगारांना उत्साह यावा म्हणून एक ध्येयवाले सर आणले होते. कँटीनच्या शेडमध्ये त्यांनी आम्हाला दोन तास बसवलं. स्वप्न मोठं बघा, ते रोज डोळ्यांसमोर आणा, त्याचे छोटे छोटे तुकडे करा, असं बरंच काही. मग एकेकाला उभं करून विचारत सुटले, "पुढे स्वतःला कुठे बघता?"

मी म्हणाले, "वर."

शेडमध्ये हशा पिकला. सर मात्र खूश झाले. म्हणाले, "वा. पण कशासाठी? ध्येयामागे प्रेम हवं. रागाच्या इंधनावर माणूस लांब जात नाही." सरांनी आमच्या घरातले राग बघितले नव्हते. आमच्या आजीने जावेशी धरलेला अबोला जाऊबाई गेल्यावरसुद्धा सोडला नाही, फोटोशीही बोलायची नाही. तरी तुकडे करायची त्यांची युक्ती मी घेतली. फुकटचं होतं, का सोडा?

पहिला तुकडा म्हणजे उंची. यार्डात जुन्या क्रेनचा एक बुटका मनोरा गंजत उभा होता. सुटल्यावर मी वॉचमनला चहा पाजायची आणि त्याच्या शिडीवर चढायची. काल जिथवर गेले होते त्याच्या एक पायरी वर. तिथे थांबायचं, खाली बघायचं, ओकारी आली तर येऊ द्यायची, पण हात सोडून दाखवायचे. भीती जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही, आजतागायत गेलेली नाही. फक्त प्रत्येक पायरीवर मी तिला भाऊजींचं तोंड दाखवायची आणि ती गप्प बसायची.

मग ट्रेनिंग सेंटर. तिथले मास्तर मितभाषी गृहस्थ होते, कानात कापूस घालून फिरायचे. त्यांची परीक्षेची रीत साधी. हुकाला काठोकाठ भरलेली पाण्याची बादली टांगायची आणि खांबांच्या मधून वळणावळणाने नेऊन खुणेवर ठेवायची. पाणी सांडता कामा नये. ऐकायला सोपं आहे. पण क्रेन हलली की लटकता भार झोका घेतो, आणि नवशिक्या त्या झोक्याच्या मागे धावतो, म्हणजे झोका आणखी वाढतो. माझी पहिली बादली मास्तरांच्या बुटांवर रिकामी झाली. दुसरी शेजारच्या वर्गाच्या खिडकीत गेली.

"धावू नकोस त्याच्यामागे," मास्तर म्हणाले. "तो कुठे जाणार ते बघ आणि आधी तिथे जाऊन थांब. तो आपला येतो आणि तुझ्याखाली उभा राहतो."

हे एक वाक्य हातात उतरायला किती बादल्या लागल्या ते मास्तरांना ठाऊक. परीक्षेत मी एकदा नापास झाले. त्या दिवशी भाऊजींनी ताईच्या फोनवरून निरोप धाडला, "पत्ता चुकीचा असला की पार्सल परत येतं म्हणावं." तो निरोप मी फोनमधून पुसला नाही. आळस आला की काढून वाचायची, की लगेच अंगात यायचं. पुढच्या खेपेला बादलीतला एक थेंबही हलला नाही. मास्तरांनी कानातला कापूस काढला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कापूस घातला. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक कुणाला मिळालेलं नव्हतं.

लायसन्स आल्यावर मी दुसऱ्या गावी, कंपनीच्याच दुसऱ्या साइटवर छोट्या क्रेनवर बसले. मग जरा मोठ्या. अशी काही वर्षं गेली. इकडे भाऊजींची साखर वाढत होती आणि नजर उतरत होती. दरवर्षी डॉक्टर ऑपरेटरांची तपासणी करतात, त्यात एका वर्षी ते अडकले. उंचीवर बसायला नालायक, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. कंपनीने एवढ्या वर्षांच्या नोकरीचा मान राखून त्यांना घरी पाठवलं नाही, खाली सिग्नलमन केलं. क्रेनवाल्याला वरून सगळं दिसत नाही. तेव्हा खाली उभं राहून हाताने आणि वॉकीटॉकीवर डावीकडे, उजवीकडे, वर, खाली सांगायचं, ते सिग्नलमनचं काम. त्यांची केबिन रिकामी झाली. मॅनेजरने विचारलं, तिथे कोण जाईल? मी अर्ज आधीच लिहून ठेवला होता.

ताईने मला गाठलं. "सांभाळून घे गं यांना. फार मनाला लावून घेतलंय. रात्री जागे असतात, जेवत नाहीत नीट."

"घेईन की," मी म्हणाले. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

पहिल्या दिवशी शिडीवर भीती नेहमीसारखी सोबत होती, तरी मी गाणं गुणगुणत चढले. केबिनमध्ये खुर्चीवर भाऊजींची उशी होती, त्यांच्या बैठकीच्या आकाराची झालेली. ती मी दोरीने बांधून खाली सोडून दिली. मग लिव्हरवर हात ठेवले, वॉकीटॉकी उचलली आणि म्हणाले, "खालचे, ऐकताय का?"

"ऐकतोय गं पार्सल. बोल."

मी खाली वाकून बघितलं. पिवळ्या जाकिटातला माणूस बरोबर मधोमध उभा होता. हात वर होता, पण मान खाली. तो जमिनीकडे बघत होता.

मला आधी कळेना. मग लक्षात आलं की भाऊजी सावली बघतात. हुकाची आणि भाराची सावली जमिनीवर पडते, ऊन कुठल्या वेळी तिला किती सरकवतं हे त्यांना वरून बघून बघून पाठ झालेलं. त्या सावलीवरून ते "डावीकडे, अजून, बास, खाली" सांगायचे आणि भार अचूक जागेवर यायचा. बाकीचे सिग्नलमन दिवसभर मान वर करून फिरतात, संध्याकाळी मानेला बाम चोळतात. आमचे भाऊजी एकदाही वर बघत नव्हते. मी एवढी वर्षं ज्याच्यासाठी पायऱ्या चढले ते नेमकं तेवढंच मला मिळत नव्हतं.

मी काय काय केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. सिग्नल स्पष्ट नाही म्हणून पुन्हा द्यायला लावला. उन्हात उभं करून वर आरामात पाणी प्याले. "सिग्नलमन, जागा सोडू नका," असं मुद्दाम सगळ्यांच्या चॅनलवर म्हटलं. ते न चिडता म्हणायचे, "बरोबर, असंच कडक राहायचं. माझीच शिस्त आहे." आणि आजूबाजूच्या लोकांना सांगायचे, "हे पार्सल मीच वर पोचवलंय बरं का. त्या दिवशी फिरवली नसती तर अजून स्टोअरमध्ये साखळ्या मोजत बसली असती."

लोकांना हे पटायचं. त्यांच्या दृष्टीने गोष्ट गोड होती. कडक गुरू, रडकी शिष्या, आणि शेवटी शिष्या वर. ताईच्या थोरलीचा परीक्षेचा निकाल चांगला लागला म्हणून सगळे जेवायला जमलो, तिथेही भाऊजींनी तेच काढलं. लेकीला म्हणाले, "मावशीकडे बघ. माणसाला पेटवायला कुणीतरी काडी लावावी लागते. ती काडी मी लावली."

"खरंच गं," ताई म्हणाली, "यांनी तेव्हा चिडवलं नसतं तर तुझ्यात ही जिद्द कुठून आली असती?"

आईनेही मान डोलावली. मी म्हणाले, "मग काय, सगळ्याच पोरींना पिंजऱ्यात घालून फिरवू या. घरोघरी ऑपरेटर निघतील."

"बघा," भाऊजी हसून म्हणाले, "जिभेला धार कशी आहे. तीही मीच लावलेली."

काय करणार होते मी? चिडले तर त्यांची काडी. जिंकले तर त्यांचा विजय. गप्प बसले तर त्यांची शिस्त. आपलं नाक कापून त्यांना अपशकुन करावा, नोकरी सोडून परत स्टोअरमध्ये बसावं, असंसुद्धा एकदा मनात आलं. पण मग म्हणाले असते, बघा, माझा हात डोक्यावर नसला की काय होतं. हा माणूस मला पुन्हा पिंजऱ्यात बसवून सगळ्यांसमोरून फिरवत होता आणि या वेळी मला उतरवून घ्यायलाही कुणी नव्हतं. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ऐकायचं होतं की मी त्यांनी केलेली नाही. ते कसं ऐकायला मिळणार ते मात्र सुचत नव्हतं.

आणि मग तो ढगाळ दिवस उगवला. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ दाटलेलं आणि मधूनच वाऱ्याचा झोत. दुपारी लोखंडी पाइपांचा एक भारा लिफ्टच्या भिंतीमागच्या मोकळ्या जागेत उतरवायचा होता. ती जागा केबिनमधून दिसत नाही. हुकाला एक कॅमेरा असतो, त्याचं चित्र माझ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर येतं, पण ते सरळ खालचं तेवढंच. बाकी सगळी भिस्त सिग्नलमनवर. भार बांधणारा माणूस पुढचा भारा बांधायला गेटजवळ गेला होता. भिंतीमागे भाऊजी एकटेच होते. भार उतरवताना क्रेनचं वेगळं चॅनल लावतात, त्यावरही आम्ही दोघंच.

"ये खाली," भाऊजी म्हणाले. "थोडी उजवीकडे. हं. ये."

मी भारा सोडत होते. पडद्यावर खालची जमीन जवळ येत होती, पाइप ठेवायला आडव्या टाकलेल्या दोन लाकडी फळ्या दिसत होत्या. त्यातली एक तिरकी होती. आणि ती पायाने सरळ करायला एक हेल्मेट पडद्याच्या कडेने आत आलं. आलं ते बरोबर भाऱ्याच्या खाली येऊन थांबलं.

लटकत्या भाराखाली माणूस जात नाही. साइटवर पहिल्या दिवशी झाडूवाल्यालाही हे सांगतात. पण भाऊजींचा जन्म वर गेला होता. वर बसणाऱ्याच्या डोक्यावर आभाळच असतं, बाकी सगळं पायाखाली. आपल्या डोक्यावर काही असू शकतं हे त्यांना कधी शिकावंच लागलं नाही. जमिनीवर आल्यावर ते सावलीवर विसंबले, आणि आज सावली नव्हती.

मी भारा जागच्या जागी थांबवला. तेवढ्यात वाऱ्याने त्याला ढकललं आणि तो झोका घ्यायला लागला. मी भोंगा वाजवला. भाऊजींनी वर बघितलं नाही. आयुष्यभर भोंगा त्यांनी दुसऱ्यांसाठी वाजवला होता, तो आपल्यासाठी वाजतोय हे त्यांच्या डोक्यात येईना. ते फळी पायाने सारत राहिले आणि म्हणाले, "कुणाला भोंगे मारतेस? ये खाली."

"भाऊजी," मी म्हणाले, "वर बघा."

त्यांनी वर बघितलं. पडद्यावर इवलासा चेहरा, तोंड उघडं, चष्मा कपाळावर सरकलेला. पाइपांची टोकं त्यांच्या डोक्यावरून हातभर अंतराने जात होती, येत होती. पळावं की नाही हे त्यांच्या पायांना कळत नव्हतं. ते उभेच राहिले. लिव्हर माझ्या हातात होती. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. सगळ्या अंगातून बरं वाटलं. एवढी वर्षं मनात पाहिलेलं तोंड हेच आणि बघण्याचा कोनही हाच. मी ते डोळे भरून बघून घेतलं. मग मास्तरांनी शिकवलं तसं झोका जिथे जाणार तिथे आधी जाऊन थांबले. भारा आला आणि माझ्याखाली निमूट उभा राहिला. तो मी अलगद बाजूला नेला, भिंतीपलीकडे, जिथे कुणी नव्हतं.

भाऊजी त्या तिरक्या फळीवर मटकन बसले.  मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हं. आण आता."

ते उठून बाजूला झाले आहेत याची पडद्यावर खात्री करून घेतली, मगच मी भारा परत आणला.  दिवस संपेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. असं काही घडलं तर ऑपरेटरने सेफ्टी ऑफिसरला कळवायचं, हा नियम. कळवलं की सिग्नलमन साइटबाहेर. पुन्हा कुठल्याही साइटवर नाही, निदान या कंपनीच्या तरी. ताईचं घर त्यांच्या पगारावर, थोरलीचं शिक्षण तोंडावर आलेलं. बघणारं कुणी नव्हतं. मी बोलले नाही तर घडलंच नाही. शिडी उतरता उतरता मी ठरवलं की बोलायचं नाही. ताईसाठी. वर बघितलं ना त्यांनी एकदा, बास झालं, असं मी स्वतःला बजावलं.

भाऊजी शिडीच्या पायथ्याशी हेल्मेट हातात घेऊन उभे होते. घामाने केस कपाळाला चिकटले होते. मला त्यांची दया आली, हे कबूल करायला जड जातंय.

"वरच्या साहेबांना बोलली नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

"शहाणी आहेस. घरातली गोष्ट घरात." त्यांनी हेल्मेट डोक्यावर घातलं आणि एकदम त्यांच्या जिवात जीव आला. "पण काय झोका पकडलास गं. मी खालून बघत होतो ना. वाटलं, अरे, हा तर माझा हात."

"ते मास्तरांनी शिकवलं, भाऊजी."

"आणि मास्तरकडे तुला कुणी धाडलं? मी फिरवली नसती तर तू त्याचं तोंड तरी बघितलं असतंस?" त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "आज मी वाचलो तो माझ्याच पुण्याईवर. उद्या सांगतो सगळ्यांना. म्हणजे भाराखालचं सोडून. काय करायचं असतं, पोरीला एकदा नीट हलवायचं असतं."

 माझ्यामुळे जिवंत उभा असलेला माणूस माझ्याच पाठीवर थाप मारून स्वतःला शाबासकी देत होता. माझी दया होती तिथल्या तिथे आटून गेली. मी वळले आणि सेफ्टी ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीकडे चालायला लागले.

"अगं, गेट इकडे आहे," ते मागून म्हणाले. मग त्यांना कळलं. त्यांची पावलं माझ्यामागे धावत आली.

खोलीत सेफ्टी ऑफिसर टेबलाशी पाय पसरून बसला होता, बाहेर बाकावर काम सुटल्यावर टेकलेले पाचसहा जण होते. मी दारात उभी राहून सरळ सांगितलं. भाऱ्याखाली सिग्नलमन गेला होता. कोण, कुठे, केव्हा. ऑफिसरने पाय खाली घेतले.

"हे तुमचे नातेवाईक ना?"

"बहिणीचे यजमान."

"दुसऱ्या कुणी बघितलं?"

"कुणीही नाही. मीच एकटीने."

त्याने वही पुढे ओढली, पण पेन उघडलं नाही. बहुधा मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं त्याला म्हणायचं होतं. भाऊजी माझ्या मागे दाराची चौकट धरून उभे होते.

"ही खोटं बोलते," ते आधी म्हणाले. मग ऑफिसरने कॅमेऱ्याचं चित्र मागवू का असं विचारल्यावर त्यांचा आवाज उतरला. "एवढ्यातेवढ्यावरून? साहेब, मी माणूस केलंय हिला."

"हो ना, भाऊजी," मी म्हणाले. "काडी तुम्ही लावली. धार तुम्ही लावली. शिस्त तुमची. मग ही तक्रारसुद्धा तुमचीच समजा. मी आपली तुमच्या हाताने इथवर आले."

"ताईला काय सांगशील?"

"तुम्ही सांगा. म्हणावं, मी घडवलेल्या मुलीने केलं."

त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. बाहेरच्या बाकावरचे लोक कान टवकारून बसले होते. हेच लोक माझी गोष्ट वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडून ऐकत आले होते.  ताईचं काय होणार हे मला ठाऊक होतं, उद्या आई माझ्याशी बोलणार नाही हेही ठाऊक होतं, आणि तरी मी जागची हलले नाही.

"नाही," भाऊजी पुटपुटले. "तुझ्यात हे मी नाही घातलं. तू माझ्यामुळे नाही झालीस अशी."

"जरा मोठ्याने बोला," मी म्हणाले. "बाहेर ऐकू गेलं नाही."

त्यांनी बाकावरच्या लोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते पुन्हा म्हणाले.